बारावी बाटली

मुलीचं, ओवीचं, लग्न ठरलं त्या वर्षी, जूनच्या शेवटाला, हेमचंद्र बाराव्या बाटलीची वाट पाहत होता आणि बाटली काही येत नव्हती.

बाटली पाण्याची. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये एकोणिसाव्या मजल्यावर त्याचं ऑफिस. तिथून सहाराच्या वाळवंटात हिरे शोधणाऱ्या एका कंपनीला कर्ज जाई. जमिनीत खोल भोकं पाडायची तर पाणी उपसावं लागतं, आणि जवळच्या वस्तीला विहीर एकच. म्हणून करारात अट होती: दर महिन्याला वस्तीतलं पाणी दुबईला यावं, लॅबमध्ये तपासावं, पिण्याजोगं निघालं तरच पुढचा हप्ता सुटावा. अट हेमचंद्रानेच घातली होती. सहीही त्याचीच लागे. बाटली कशासाठी हे वस्तीला कळू द्यायचं नाही, हा नियमही त्याचाच. कळलं तर कोणी मुद्दाम मूठभर मीठ टाकायचा, असं त्याचं म्हणणं.

अकरा बाटल्या आल्या. अकराही गोड. आणि म्हणूनच त्याला चैन नव्हतं. उपसा वाढला की विहिरीला खार चढतो, हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. इथे तर चौथ्या महिन्यापासून पाणी आधीपेक्षाही गोड होत गेलं होतं.

त्याचा संशय मुश्ताकवर. मुश्ताक रत्नागिरीकडचा, कंपनीची गाडी चालवणारा. वस्तीतून बाटली तोच आणे आणि कुरियरला देई. दुकानातलं पाणी भरत असेल तर कोणाला पत्ता? हेमचंद्राने फोनवर आडून आडून विचारलं. मुश्ताकला रोख लगेच कळला.

"साहेब, दुकान इथून दीडशे किलोमीटरवर आहे. अन्वरी म्हातारी सीलबंद बाटली हातात देते, ती मी जशीच्या तशी पाठवतो. संशय असेल तर या इकडे. जरा एसीतून बाहेर पडलात तर तब्येतीलाही बरं."

दुसऱ्या दिवशी त्याने फोटोच पाठवला. दारात उभी वाळकी म्हातारी, छातीशी बाटली, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. मागे मडक्यांची रांग, प्रत्येकाच्या काठाला पांढरी किनार. मडकी रंगवतात वाटतं, हेमचंद्राला कौतुक वाटलं.

अन्वरीकडे विहिरीची राखण होती. बाटली भरून झाकणावर कागद चिकटवायचा आणि त्यावर अंगठा उठवायचा, एवढं काम तिला सांगितलेलं. पहिल्यांदा रिकाम्या बाटल्यांचं खोकं पाठवताना हेमचंद्राने बर दुबईच्या बाजारातून खजुराचा डबा आणून त्यात ठेवला होता. रिकामं भांडं कोणाच्या घरी पाठवू नये, ही त्याच्या आईची शिकवण.

"चाळीस दिरहमचा खजूर, म्हणजे हजार रुपयांच्या घरात, आणि तोही वाळवंटात," त्याची बायको अनुपमा म्हणाली होती. "आता समुद्राला मीठ पाठवा."

जूनच्या शेवटच्या शनिवारी ओवीच्या सासरची माणसं त्यांच्या अल नहदाच्या घरी जेवायला आली. नेमकी बिल्डिंगची टाकी धुवायला काढलेली, नळाला मचूळ पाणी, आणि घरात विकतच्या पाण्याचा एकच कॅन. अनुपमाने तो बाजूला ठेवला. आपण नळाचं उकळून पिऊ, म्हणाली.

"आई, सो ड्रामॅटिक," ओवी म्हणाली.

"घरी आलेल्याला मचूळ पाणी देऊ?"

हेमचंद्राने नळाचं पाणी एका घोटात संपवलं, तोंड वाकडं केलं आणि टेबलाखाली पुन्हा फोन पाहिला. कुरियरचा निरोप नव्हता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाटली आली. गळ्यापर्यंत भरलेली, कागद जागच्या जागी. हेमचंद्राने अंगठा आधीच्या अकरा अंगठ्यांशी ताडून पाहिला. तोच होता, मधली आडवी चीर धरून. लॅबचा रिपोर्टही तोच. पाणी गोड.

रुहान, त्याचा तरुण बॉस, कागद घेऊन टेबलाशी उभाच राहिला. नव्या चाळीस भोकांना मंजुरी द्यायची होती.

"हेम सर, बारा महिने झाले, खलास. तिथे लोक खूश, कंपनी खूश. तुम्हीच एकटे तहानलेले. यल्ला, चला, साइन करा."

म्हातारीचा अंगठा काही खोटं बोलणार नाही, असं मनाशी म्हणत हेमचंद्राने सही केली. वर्षभर छातीवर असलेला दगड उतरल्यासारखं वाटलं. मग मुश्ताकवर घेतलेला आळ आठवून लाज वाटली. माफी मागावी म्हणून त्याने फोन लावला. म्हणाला, अन्वरीबाईंना या वेळी खजुराचे दोन डबे पाठवतो, आणि मुलीच्या लग्नाचे पेढेही.

मुश्ताकने त्याला मधेच थांबवलं.

"साहेब, मलाही कालच कळलं. या वेळची बाटली तिच्या नातीने, झाराने आणून दिली तेव्हा काही बोलली नव्हती, काल सगळं सांगितलं. विहीर चौथ्या महिन्यातच खारट झाली. वस्ती तेच पाणी पिते. म्हातारीही तेच प्यायची. तुमची बाटली तेवढी डोंगरातल्या झऱ्यावरून आणायची, दीड दिवस चालत जाऊन. मला करून द्यायची तो चहाही त्याच झऱ्याच्या पाण्याचा, मला कसं कळावं? झाराला म्हणायची, ज्याने न मागता खजूर पाठवला, त्याला खारट पाणी कसं पाठवू?"

हेमचंद्राने विचारलं, आता कुठे आहेत त्या?

ही बारावी बाटली तिच्या कुशीत सापडली होती, गळ्यापर्यंत भरलेली, कागद न फाटलेला. अन्वरी अकरा जूनला, झऱ्यावरून परतताना, वस्तीपासून दोन कोसांवर तहानेने मेली.