पुलावरची उडी

कल्पना करा मुलांनो, तुमच्या मामाकडे त्याच्या लहानपणीचा कॉम्प्युटर आहे आणि त्यावरचे गेम कॅसेटवरून सुरू होतात. गेम आत भरला जाताना टेप किंचाळत असते, ती पाच मिनिटं कुणी शिंकायचंसुद्धा नाही, असा मामाचा हुकूम.

अशा जुन्या कॉम्प्युटरसाठी काही हौशी लोक आजही घरी बसून नवे गेम लिहितात. पण ते पाहिले की मामा नाक मुरडतो. "त्यांना जुन्याची सर नाही, ठमे!"

ठमी म्हणजे त्याची भाची. तिनं तीन महिने खपून स्वतः एक गेम लिहिला होता. मामानं त्याला एकदा चांगलं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून तिनं तो एका कळकट कॅसेटवर भरला, मामाच्या जुन्या कॅसेटच्या खोक्यात सरकवला आणि रविवारी म्हणाली, "मामा, आज ही लाव ना."

गेम सुरू झाला आणि मामा उडालाच. "अगं, हा तर मी तुझ्याएवढा असताना खेळायचो! हा पूल बघ. इथंच मरायचो मी नेहमी."

पडद्यावरचा मामा धपकन नदीत पडला.

"चांगला आहे का रे?"

"चांगला? असे गेम आता होणे नाही!"

ठमीनं हसू कसंबसं दाबलं. शेवटच्या पडद्यावर तिनं आपलं नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. पण मामा तर पहिल्याच पुलावरून सातव्यांदा पडत होता.

तिनं खुर्ची जवळ ओढली. "मामा, उडी मारायची घाई करू नकोस. आधी तीन मोज."