प्रिंगलसाहेबांचा नेम

"लागली! अगदी मधोमध!" मर्डोने डोळ्याला लावलेली दुर्बीण खाली घेतली आणि खुशाल खोटं बोलला.

पलीकडच्या फळीवर रंगवलेल्या हरणावर त्याला एकही भोक दिसलं नव्हतं. पण मधे ओढा तुडुंब वाहत होता, तिथे जाऊन बघणार कोण?

मागे इशबेल उभी होती. त्या सगळ्या डोंगराचा कारभार तिच्याकडे. वयाने लहान, पण नियमाला पक्की. आधी फळीवर नेम दाखवायचा, मगच पाहुण्याने शिकारीला वर जायचं. नेम चुकला की डोंगर बंद, मग तो कितीही जुना पाहुणा असो.

"नक्की ना, मर्डोकाका?"

"पोरी, तू रांगत होतीस तेव्हापासून मी पाहुण्यांना वर नेतोय."

गोळी झाडणारे प्रिंगलसाहेब शांतपणे बंदूक पुसत होते. एडिनबराचे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. दर हंगामाला यायचे आणि मर्डोशिवाय दुसरा वाटाड्या घ्यायचे नाहीत. मर्डोचा त्यांच्यावर जीव होता. डोंगर बंद झाला तर हा माणूस खुर्चीत बसून बसून संपून जाईल, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तर खोटं बोलला ना!

सप्टेंबर होता. मोठे नर माद्यांसाठी नुसते हंबरत होते, सगळी दरी दणाणत होती. मर्डोने गवताची काडी हवेत सोडून वारा बघितला आणि असा काही वळसा घातला की हरणांना माणसाचा वासही लागला नाही. वाऱ्याच्या बाबतीत त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता, खरंच सांगतो! शेवटचा टप्पा दोघांनी पोटावर सरपटत काढला.

"मर्डो, उजवीकडचा तो तुटक्या शिंगाचा, तोच घ्यायचा ना?" साहेबांनी कुजबुजत विचारलं.

"तोच, तोच." बिचारे! आता साधं हरीणसुद्धा विचारून घ्यावं लागतं यांना.

मग मर्डोने काय करावं? हळूच आपली बंदूक काढली. जखमी जनावर पळून जाऊ नये म्हणून वाटाड्याकडे दुसरी बंदूक असतेच. साहेब गोळी झाडण्याआधी नेहमी पुटपुटायचे, "चल." सोयच झाली. दोघांच्या गोळ्या एकदमच सुटल्या, आवाज एकच झाला आणि नर जागच्या जागी कोसळला.

"वा साहेब! हात अजून तरुण आहे हो!"

"तुझी कृपा," साहेब म्हणाले.

मर्डो मनात हसला. म्हाताऱ्याला पत्ताही नाही!

जानेवारीत हरिणींचा हंगाम. गुडघाभर बर्फ. साहेब पुढे चालून पायवाट पाडत होते आणि मर्डो मागून चिडवत होता, "साहेब, शर्यत आहे का? वाटाड्या मी आहे, विसरलात काय?"

"तू दम खा. चहाचा थर्मास तुझ्याकडे आहे, तो सांभाळ."

कळप दिसल्यावर साहेबांचं पुन्हा सुरू झालं. "त्या कडेच्या म्हातारीमागे पिल्लू नाहीये ना रे?"

"नाही हो. झाडा बिनधास्त."

"चल," साहेब पुटपुटले. पुन्हा दोन गोळ्या, एक आवाज आणि हरीण आडवं. उतरताना मर्डो शीळ घालत होता. असंच चाललं तर साहेबांना अजून दहा वर्षं डोंगरावर आणीन, त्याने ठरवूनच टाकलं.

आणि मे महिन्यात घात झाला! आता छोट्या रो हरणांचा हंगाम. दोघं निघणार इतक्यात बूट घालून इशबेल हजर.

"आज मीही येते. आणि काका, तुमची बंदूक इथेच ठेवा."

"अगं, जनावर जखमी झालं तर?"

"माझी आहे ना."

मर्डोने बंदूक भिंतीला टेकवून ठेवली. म्हणजे हिला संशय आला! आज साहेबांची गोळी हुकणार, आणि संध्याकाळी ही त्यांना गोड बोलून कायमचं घरी पाठवणार. वाटेत त्याने काय काय नाही केलं! गुडघा दुखतोय म्हणाला, वारा फिरलाय म्हणाला, पाऊस येतोय म्हणाला.

"काका, आभाळ निळंशार आहे," इशबेल म्हणाली.

शेवटी बर्चच्या झाडांपाशी तिघं आडवे पडले.

"तो नेच्याजवळचा ना, मर्डो?"

"तोच," मर्डो कसाबसा म्हणाला. मग साहेबांच्या कानाशी लागला, "घाई नको हं. खांद्यामागे धरा. तुम्हाला जमतंय, साहेब."

"चल."

मर्डोने डोळे गच्च मिटून घेतले. गोळी सुटली.

"पडला," इशबेल म्हणाली.

"पडला? पडला!" मर्डो टुणकन उठला. "बघितलंस पोरी? एका गोळीत! आणि तू या माणसावर संशय घेत होतीस!" त्याला हसावं की रडावं तेच कळेना. साहेबांची पाठ थोपटली, चाकू काढला आणि पोरासारखा उड्या मारत उतारावरून खाली गेला.

इशबेल आणि साहेब वरूनच बघत राहिले. मोकळ्या हिरव्या गवतात तांबूस हरीण स्वच्छ दिसत होतं. मर्डो त्याच्यापाशी पोचला, त्याच्या अगदी बाजूने गेला आणि तसाच पुढे चालत राहिला.

"डावीकडे, मर्डो! मागे ये थोडा! अजून डावीकडे!" साहेब हात उंचावून ओरडले. मग इशबेलकडे न बघता हळूच म्हणाले, "सप्टेंबरसाठी माझं नाव लिहून ठेव. दुसऱ्या कुणाबरोबर त्याला वर पाठवू नकोस."