पलतीरचा गडी

टीव्हीवर कबड्डीचे दोन गडी छातीला छाती भिडवून उभे राहिले. पंच मधे घुसला आणि इंग्रजी बोलणारा समालोचक काहीतरी म्हणून हसला.

"काय म्हणाला गं त्यो?" देवरामने विचारले.

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला नात अनुश्री मोबाइलमध्ये डोके घालून बसली होती. "नो लव्ह लॉस्ट म्हणाला, आबा."

"म्हंजे?"

"मतलब, या दोघांत बिलकुल प्रेम नाहीये. पक्की दुश्मनी."

"लॉस्ट म्हंजे हरवलं, व्हय ना? टेशनात पाटी असती." देवरामने बोटावर शब्द मोजले. "मग प्रेम हरवलं न्हाई, असं झालं की."

अनुश्री हसली. "उलटं आहे ते, आबा. हरवायला आधी असावं तर लागतं! इथे नाहीच आहे, तर हरवणार काय?"

"असं व्हय. लई हिशोबी गं इंग्रज."

जयपूरचा संघ खेळत होता. जयपुरातल्याच जवाहर नगरच्या त्या सेक्टरात घराघरांतून ओरडा उठत होता. एरवी देवराम सगळ्यांच्या वरताण ओरडायचा. आज त्याचे लक्ष नव्हते. सकाळी गावाकडून पुतण्याचा फोन आला होता. पलतीरच्या हिंदुरावाला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले आहे, नाकात नळी आहे, काही खरे नाही. पुतण्याने नंबरही पाठवला होता. तेव्हापासून देवरामचा मोबाइल टीपॉयवर होता आणि देवराम त्याच्याकडे बघत होता.

"आबा, तुम्ही फोन करणार होतात ना?"

"करून काय बोलू? जल्मात कधी धड बोललोय व्हय त्याच्याशी? नदीच्या ह्या अंगाला आमचा संघ, पल्याड त्यांचा. जत्रंच्या सामन्यात ह्यो दात त्यानंच पाडला." त्याने बोटाने ओठ वर करून खिंडार दाखवले. "आन् त्याचा खांदा मी उतरवला."

"बाप रे! मग?"

"मग काय. म्हातारं झालो तरी बाजारात गाठ पडली की लांबनं वरडायचा, 'देव्या, दात उगवला का रं?' मी म्हणायचो, 'तुझा खांदा घिऊन ये, मग दावतो.' एवढंच बोलणं आमचं."

"मग नका करू फोन," अनुश्री चिडवत म्हणाली. "नो लव्ह लॉस्ट!"

देवराम हसला नाही. बायको गेल्यावर लेकाने त्याला इथे आणले. लेकाच्या विमा ऑफिसातली माणसे त्याला अंकलजी म्हणत. दूधवाला बाबूजी म्हणे. बागेतले म्हातारे देवरामजी म्हणून हात जोडत. सगळी भली माणसे. पण देव्या म्हणणारे कोणी नव्हते. आईबाप कधीच गेले, संघातले गडी एकेक करून गेले. त्या नावाने हाक मारणारा आता पलतीरचा तेवढा एक उरला होता, आणि तोही निघाला होता.

"लाव," तो म्हणाला. अनुश्रीने नंबर लावून फोन स्पीकरवर टीपॉयवर ठेवला.

पलीकडून हिंदुरावाच्या सुनेने उचलला. "जयपूरहून? मामंजी कालपास्नं बोलत न्हाईत हो. डोळं मिटूनच हायेत. पण ऐकत्यात. थांबा, कानाशी धरते."

देवराम ताठ बसला. टीव्हीवर ते दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि समालोचक पुन्हा तेच वाक्य म्हणाला. अनुश्रीने आवाज बंद केला.

"हिंद्या," देवराम म्हणाला. "लोळत काय पडलास रं? खांदा अजून बरा न्हाई व्हय?"

पलीकडे नुसती ऑक्सिजनच्या यंत्राची फुसफुस. अनुश्रीने मान खाली घातली.

मग त्या फुसफुशीतून एक बारीक, घोगरा आवाज आला.

"कबड्डी... कबड्डी... कबड्डी..."

देवराम फोनकडे झुकला. हिंद्या चढाईला आला होता. रेषा ओलांडून थेट त्याच्या अंगणात. असा आला की देवराम त्याचे तोंड कधी बघत नसे. बघायचे त्याचे पाय आणि ऐकायचा त्याचा दम. दम पातळ झाला की झेप घालायची, घोटा धरायचा, आणि दम तुटेपर्यंत सोडायचे नाही. दुसऱ्याच्या अंगणात दम तुटला की गडी बाद.

"मामंजी, ऱ्हाऊ द्या, धाप लागंल!" सून मागून म्हणत होती.

आवाज थांबेना. तो पातळ होत चालला होता. हिंद्या पहिल्यापासून असाच. जीव कंठाशी आला तरी पाठ फिरवायचा नाही.

देवरामचे हात आपोआप पुढे आले होते. त्याने ते मागे घेतले.

"माघारी फीर, हिंद्या," तो म्हणाला. "रेषा जवळच हाय."

"कबड्डी... कब..."

देवरामने फरशीवरचे दोन्ही पाय उचलून सोफ्यावर घेतले. पुढची सगळी जागा मोकळी केली.

"जा रं," तो म्हणाला. "मी धरत न्हाई."