तिसरी तफावत

आणखी एक तफावत सापडली की रादमिला सुटणार होती.

मेलबर्नच्या त्या प्रशिक्षण वर्गात सगळे मुरलेले स्थलांतर एजंट बसले होते. रादमिला हौसेने आली नव्हती. गेल्या वर्षी व्हिसासाठी आलेल्या एका खोट्या नवरा-बायकोने तिला साफ गंडवलं होतं. त्यावर एजंटांना परवाने देणाऱ्या मंडळाने तंबी दिली होती, हा प्रगत अभ्यासक्रम पार कर, नाहीतर परवाना परत कर. या वयात दुसरा धंदा शिकण्याचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

आजची परीक्षा साधी होती. दोन एजंटांनी नवरा-बायकोचं सोंग घ्यायचं, जमेल तेवढी घोकंपट्टी करायची. मग रादमिलाने एकेकाला समोर बसवून तेच प्रश्न विचारायचे. तीन उत्तरं जुळली नाहीत की सोंग पकडलं.

चिठ्ठ्या टाकल्या, तर सोंगातला नवरा निघाला मिओद्राग, म्हणजे रादमिलाचा खराखुरा नवरा. बायको झाली त्यांच्याच कचेरीतली यास्ना. वर्गात हशा पिकला. शिकवणाऱ्या ग्लेनिसबाईंना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. उत्तरं त्या दोघांची एकमेकांशी ताडायची होती.

"पटापट विचारा," त्या म्हणाल्या. "वेळ दिलात की माणूस रचून सांगतो."

मिओद्रागची उत्तरं देऊन झाली होती. त्याला मागच्या रांगेत गप्प बसवलं होतं. आता बाहेर थांबवलेल्या यास्नाची पाळी आली.

लग्न कुठे झालं, सासूचं नाव काय, हे घोकलेलं सगळं जुळलं. मग रादमिलाने विचारलं, नवऱ्याच्या कॉफीत साखर किती. यास्ना म्हणाली, दोन चमचे. मिओद्रागने सांगितलं होतं, अजिबात नाही. साखरेचा आजार निघाल्यापासून रादमिलाने घरात साखरेचा डबाच ठेवला नव्हता.

शनिवारी सकाळी तो काय करतो? दहापर्यंत लोळत पडतो, यास्ना म्हणाली. हेही चुकलं. शनिवारी मिओद्राग पहाटेच धक्क्यावर गळ टाकायला जायचा. दुपारी मासे घेऊन यायचा, तेही खवले काढून, साफ करून. असा गुणी नवरा मिळाला म्हणून बायका रादमिलाचा हेवा करायच्या.

"यास्ना, तू तर अगदीच कुचकामी बायको निघालीस," मागून कोणीतरी म्हणालं.

यास्ना हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. रादमिलाला तिची कीव आली.

तिसऱ्या तफावतीसाठी तिने हुकमाचा प्रश्न राखून ठेवला होता.

रादमिलासारखे सर्ब लोक वाऱ्याच्या झुळकेला भुताला भ्यावं तसे भितात. मान धरली, दात ठणकला, मूल आजारी पडलं, सगळा दोष झुळकेचा. उन्हाळ्यातसुद्धा रात्री त्यांच्या खिडक्या घट्ट लावलेल्या असतात. फक्त मिओद्रागला बंद खिडकी सोसत नसे. लढाईत घर कोसळलं तेव्हा तो आईसोबत तळघरात अडकला होता. बाहेर तो एकटाच आला. हे त्याने सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. खिडकीचं कळलं तर लोक कारण विचारतील, म्हणून रादमिलानेही कुठे अवाक्षर काढलं नव्हतं.

मघाशी खिडकीचा प्रश्न ऐकून मिओद्राग क्षणभर तिच्याकडे बघत राहिला होता. मग हळूच "उघडी" म्हणाला होता. यास्ना सर्बच, ती 'बंद' म्हणणार यात शंका नव्हती.

परवाना वाचला, असं रादमिलाला वाटलं. कित्येक महिन्यांनी तिला हलकं वाटत होतं.

"रात्री झोपताना खिडकी उघडी की बंद?"

"उघडी," यास्ना पटकन म्हणाली. "बंद केली की तो झोपेत आईला हाका मारतो."