खिशावरचे अकरा टाके

कोटाला बाहेरून तीन खिसे होते. खालच्या दोन खिशांची तोंडं पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी बंद होती, प्रत्येकी अकरा. छातीवरच्या खिशाला सात. पाठीमागे खाली ठेवलेल्या कटावर दोऱ्याची एक फुली. मनालीने वहीत लिहिलं : टाके एकोणतीस, फुली एक.

ती लिहीत होती तोवर पृथ्वीराजने ब्लेडने छातीवरचे सात उसवले.

"अहो दादा, थांबा की!"

"अगं, हे काढायचेच असतात. नव्या कोटाचा खिसा फाकू नये म्हणून घालतात. गिऱ्हाईक घरी नेऊन उसवतं. हा न्यायलाच कुणी आलं नाही, म्हणून राहिले."

मनालीने यंदाच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. पृथ्वीराजच्या शिंपीकामाच्या दुकानातल्या जुन्या वस्तूंची यादी करायला ती आठवड्यासाठी आली होती. कोट उद्या काचेच्या कपाटात जाणार होता. त्याची पाटी टेबलावर तयार होती : 'कटिंगपासून शेवटच्या टाक्यापर्यंत, आबासाहेबांच्या हातचा. १९७१.'

"आबासाहेब डावखुरे होते?" तिने विचारलं.

"छे. का?"

"सगळ्या दोऱ्यांची गाठ डाव्या टोकाला आहे. उजव्या हाताने शिवणारा उजवीकडून सुरू करतो ना?"

पृथ्वीराजने भिंतीवरच्या आबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं. त्याच्या आजोबांच्या उजव्या हातात कात्री होती.

इतक्यात नागूबाई आल्या. पंचाहत्तरीच्या. सुनेने काज-बटण केलेल्या शर्टांचं गाठोडं त्यांनी टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडता सोडता त्यांचा हात थांबला. डावा हात.

"अगंबया. वैरागच्या पाटलाचा कोट हाय न्हवं ह्यो? अजून कच्चं तसंच?"

"तुम्हाला कसं माहीत, आज्जी?"

"मीच घातलंय की."

पृथ्वीराज हसला. "आज्जी, आबासाहेबांच्या कोटाला दुसऱ्या कुणाचा हात लागत नव्हता. सगळं सोलापूर सांगतं."

"सोलापूर काय आत बसलं हुतं व्हय? मी बसले हुते. त्या मागच्या खोलीत, अठरा वर्सं."

त्यांनी पाटी वाचून दाखवायला सांगितली. मनालीने वाचली. नागूबाईंनी कोटाच्या खालच्या खिशावरून बोट फिरवलं.

"मशीनवर त्येनीच शिवलं. त्येंचं त्येंना. पर माझ्या कामाचं काय व्हायचं, ठावं हाय का पोरी? सुबक करून द्यायचं, आन् गिऱ्हाईकानं घरी जाऊन उसवून टाकायचं. एक ह्योच ऱ्हायला." त्या पृथ्वीराजकडे वळल्या. "माझं नाव लिवू नगंस. पर शेवटचा टाका त्येंचा म्हणून तरी लिवू नगंस."

"डावखुरे सोलापुरात कमी आहेत का, आज्जी?" पृथ्वीराज म्हणाला. ब्लेड अजून त्याच्या बोटांत होतं.

"मग टाक्यांमधलं अंतर मोजू. ते प्रत्येक हाताचं वेगळं पडतं," मनाली म्हणाली.

तिने पट्टी लावली. कोटाच्या खालच्या खिशांवर दोन टाक्यांमधलं अंतर सरासरी चौदा मिलिमीटर होतं. सर्वांत कमी तेरा, सर्वांत जास्त पंधरा. मग तिने जुन्या सुटिंगच्या दोन तुकड्यांवर खडूने पंधरा सेंटिमीटरची रेघ मारली. एक तुकडा दुकानातल्या मास्तरांना, पंचाक्षरींना दिला.

"माझी पण परीक्षा?" मास्तर म्हणाले. "पगार कापणार काय, मालक?"

त्यांनी मिनिटभरात शिवून दिलं. टाके नऊ, गाठ उजवीकडे, सरासरी अंतर अठरा.

दुसरा तुकडा नागूबाईंना दिला. सुईत दोरा त्यांना ओवता येईना. मनालीने ओवून दिला. पहिला टाका रेघेच्या खाली गेला.

"दिसंना झालंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळेच मिटले.

उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी घातलेल्या टाक्याला टेकवलं. नखाच्या पल्याडच्या कडेला सुई आत घातली. पुन्हा नख सरकवलं. पुन्हा सुई. पंचाक्षरी मास्तर मशीन थांबवून बघत राहिले.

"नखानं मोजता काय, अज्जी?"

"मग काय टेप दिल्ता व्हय मला कुणी?"

शेवटी त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि कापड टेबलावर सरकवलं. मनालीने पट्टी उचलली, मग थांबली आणि ती पृथ्वीराजपुढे धरली.

"तुम्ही मोजा, दादा."

पृथ्वीराजने ब्लेड बाजूला ठेवलं. टाके अकरा. गाठ डावीकडे. त्याने एकेक अंतर वाचलं, मनालीने लिहून घेतलं. सर्वांत कमी बारा, सर्वांत जास्त सतरा. बेरीज तिने वही फिरवून त्यालाच करायला दिली. अंतरं दहा, म्हणून दहाने त्याने भागलं, एकदा, आणि परत एकदा.

"चौदा," तो म्हणाला.