ओढून बघा

“आज ही कडी फारच पटकन उघडली,” ज्योत्स्नाबाई हातातल्या कॅराबिनरकडे बघत म्हणाल्या.

बोटभर लांबीची, स्क्रूने बंद होणारी ती कडी त्यांच्या ट्रेकिंगच्या दिवसांतली. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांनी घराची किल्ली तिच्यात अडकवली आणि नवऱ्याला बजावलं, “याच हाताने ही उघडली की मी एकटी बाहेर जाणार.” त्याला पाच महिने झाले.

दिगंबररावांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

“तुम्ही स्क्रू सैल करून ठेवलात ना?”

“तुझे हाल बघवत नाहीत गं.”

डाव्या हाताने त्यांनी स्क्रू पुन्हा घट्ट आवळला आणि कडी नवऱ्यापुढे धरली. “ओढून बघा.” दोरावर जाण्याआधी जोडीदाराने कडी ओढून ‘लॉक’ म्हणायचं, हा दोघांचा ट्रेकमधला जुना नियम.

दिगंबररावांनी ओढली. “लॉक.”

मग उजवा हात कामाला लागला. अंगठा घसरत राहिला, चहावर साय आली. दिगंबरराव दोनदा मदतीला उठले आणि बायकोची नजर बघून दोनदा खाली बसले. शेवटी स्क्रू फिरला.

किल्लीसकट कडी सॅकला अडकवून, स्क्रू पुन्हा आवळून ज्योत्स्नाबाई निघाल्या. “भाजी घेऊन येते. दार लावून घ्या.”

तासाभराने जिन्यात पावलं वाजली. दाराबाहेर सॅकच्या कडीची खडखड सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. आत दिगंबरराव दाराला लागूनच उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.