शनिवारी उलटं टांगायचं चित्र

"ज्यूंना आम्ही कधी परकं मानलंच नाही," गावातल्या ज्यूंच्या स्मृतिदिनाला नगराध्यक्ष ओल्शेक चौकात बोलत होते. "चारशे वर्षं ते आमचे पाहुणे होते."

टाळ्या पडल्या. चारशे वर्षं राहिलेल्या माणसाला पाहुणा म्हणतात, हे नोएमीला नवीनच होतं. नदीवरचं धुकं चौकात उतरलं होतं आणि बँडचे सूर त्यातून झोपेत ऐकल्यासारखे येत होते. पोलंडमधल्या या गावात ती पहिल्यांदाच आली होती, तरी पावलांना गल्ल्या ओळखीच्या वाटत होत्या.

तिची आई इथलीच. तीन वर्षांची असताना शेजारणीने तिला लपवलं, म्हणून वाचली. बाकी सगळ्यांना जर्मनांनी नेलं. आता ती अंथरुणाला खिळली होती आणि तिचं एकच मागणं होतं, बाबांचा चेहरा एकदा बघायचा. तो तिला आठवतच नव्हता. नोएमीने सकाळपासून दारोदार विचारलं, माझ्या आजोबांचा, घड्याळजी शाफ्रानांचा फोटो आहे का कुणाकडे? लोक मायाळू. केक सगळ्यांनी खाऊ घातला, फोटो कुणाकडेच नव्हता.

भाषण संपल्यावर नगराध्यक्षांनी तिच्या हातात भेट ठेवली. वरचा कागद काढला तर आत रंगवलेलं चित्र. दाढीवाला ज्यू दिव्याखाली नाणी मोजत बसलाय.

"दाराशी लावा, पैसा टिकतो," ते आपुलकीने म्हणाले. "शनिवारी, तुमच्या सब्बाथच्या सुट्टीला, मात्र उलटं टांगायचं. आठवडाभर त्याने जमवलेलं आपल्या घरात पडतं. आमच्याकडे घरोघरी आहे."

"साहेब, त्यांना काय शिकवता? रक्तातच असतं ते," मागून कुणी तरी म्हणालं. "कौतुकानं म्हटलं हो."

नोएमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चित्र तिथेच टाकून निघावं असं तिला वाटलं, पण हात सोडेनात. त्या माणसाची डावी भुवई मधेच तुटली होती, अगदी आईची तुटलीय तशी. बँड वाजतोय की थांबलाय, हेही तिला कळेना.

चित्र काढणाऱ्या तेक्लाकाकू शेजारीच उभ्या होत्या.

"तुम्ही सकाळी फोटो विचारत होतात ना?" त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या आईकडे होता. ओल लागून गेला. पण घड्याळजींचा चेहरा हाच. त्यावरूनच काढते मी."

नोएमीचे डोळे भरून आले. आईला दाखवता येणार होतं.

"आणि ही नाणी? ती होती फोटोत?"

"छे हो. फोटोत त्यांच्या मांडीवर एक पोर होती. तिच्या जागी मी नाणी घातली. पोरीचं चित्र कोण विकत घेतंय?"